दारात कुत्रा दाखवायचा होता

'घाबरू नका, तो काही करत नाही.' कुत्रा पाळणाऱ्यांचं हे वाक्य ऐकलं की आजही माझं डोकं फिरतं. तो काही करत नाही हे सांगणाऱ्याचा पाय कधीच कुत्र्यापुढे नसतो, नेहमी दुसऱ्याचा असतो. मी फटकन बोलून जाते आणि सोबतची माणसं अवघडतात. माझी मुलं म्हणतात, आईचं कुत्र्यांशी वाकडं आहे. कुत्र्यांशी माझं काही वाकडं नाही. ते वाक्य मी सासरी, बालाघाटला एका दुपारी ऐकलं होतं, आणि त्याची लाज मला अजून पुरते आहे.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं. राज्यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा माहेर एका राज्यात पडलं आणि सासर दुसऱ्या. मी लग्न होऊन छोट्या रुळांच्या आगगाडीने बालाघाटला उतरले तेव्हा ती वाटणी ताजी होती. घरात आमची मराठी, ओसरीच्या खाली उतरलं की हिंदी, आणि भांडण पेटलं की दोन्ही. सासरे एका राईस मिलमध्ये मुनीम होते. गाव त्यांना मुनीमजी म्हणे, मी मामाजी म्हणे. धिप्पाड, पांढऱ्याशुभ्र धोतरातला माणूस. संध्याकाळी मिलमधून आले की ओसरीवर बसत आणि लोक आपापले तंटे घेऊन त्यांच्याकडे येत. कोणाचा बांध कोणी कोरला, कोणाच्या बैलाने कोणाचं धान खाल्लं. मामाजी दोघांचं ऐकून घेत, सुपारी कातरत, आणि मग जे सांगत ते लोक मानत. मलाही त्यांचं कौतुक होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की मी सासऱ्यांचे हिशेब चुकते करायला बसले आहे.

कुत्रा त्यांनीच आणलेला. खाणीवरच्या कुठल्याशा साहेबाची बदली झाली तेव्हा त्याने जाताना पिल्लू दिलं होतं. त्याचं नाव इंग्रजी होतं. सासूबाईंच्या जिभेला ते वळत नसे म्हणून त्या त्याला नुसतं 'अरे' म्हणत, आणि तो 'अरे'लाच जास्त ओ द्यायचा. तांबूस रंगाचा, उभ्या कानांचा, अंगाने भरलेला. मी चूल पेटवायला बसले की माझ्या पाठीला पाठ लावून बसायचा. नव्या घरात मला काही न विचारता जवळ येणारा तो एकटाच होता, त्यामुळे माझा त्याच्यावर जीव होता.

मामाजींना त्याच्या एका गोष्टीचा फार अभिमान. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "याले माणूस वळखता येते." आणि ते खरं होतं. मिलचे मालक आले, मास्तर आले, इस्त्रीचे कपडे घातलेला कोणीही आला की कुत्रा शेपूट हलवत बाजूला व्हायचा. डोक्यावर टोपली किंवा मोळी घेतलेलं, अनवाणी कोणी फाटकाशी दिसलं की याच्या अंगावरचे केस उभे राहायचे. हे त्याला कोणी शिकवलं? आम्हीच की. असं कोणी दिसलं की ओसरीवरून कोणीतरी हसत 'छू' म्हणायचं, कुत्रा धावायचा, ते माणूस दचकून मागे सरायचं, आणि मग त्याला हाक मारून परत बोलवायचं. एवढीच करमणूक. कुत्र्याने कोणाला चावलं नव्हतं म्हणून ती करमणूकच वाटायची.

आषाढातली दुपार होती. मामाजी जेवून आत आडवे झाले होते. सासूबाई मधल्या खोलीत तांदूळ निवडत होत्या आणि मी मागे भांडी घासत होते. कुत्रा अंगणात मोकळा. फाटकाची कडी वाजली आणि एका बाईचा आवाज आला, "पानी देता का जी थोडसं?"

सासूबाईंनी सुपावरून मान वर केली नाही. तिथूनच म्हणाल्या, "ये ये, तो काही करत नाही."

पुढचं मी ऐकलं फक्त. कुत्र्याचं भुंकणं एकदम थांबलं आणि बाई ओरडली. मी राखेच्या हातांनी पुढे धावले. ती फाटकाच्या आत दोन पावलांवर खाली बसली होती, आणि टोपलीतले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, सगळ्या चिखलात पसरले होते. उजव्या पोटरीतून रक्त येत होतं. कुत्रा चार हात दूर उभा राहून आमच्याकडे पाहत होता. आम्ही त्याला नेहमीसारखं परत बोलवावं याची तो वाट बघत असावा.

मामाजी झोपेतून उठून आले. त्यांचं पहिलं वाक्य मला अक्षरन् अक्षर आठवतं.

"कुत्रा हाय हे दिसत नाही का तुले? काहून शिरली आत?"

ती बाई माझ्यापेक्षा थोडीच मोठी असेल. तिने पोटरी दोन्ही हातांनी दाबून धरली होती. म्हणाली, "आतून ये म्हनलं जी."

मामाजींनी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी सुपाकडे. मग एकदम सगळ्यांची धावपळ सुरू झाली. आमच्याकडे तेव्हा कुत्रा चावला की जखमेत तिखट भरत. सासूबाईंनी मूठभर तिखट आणि तेल आणलं, आणि तिला हात लागू नये अशा बेताने पानावरून ते जखमेवर टाकलं. ती किरनापूरच्या वाटेवरच्या एका खेड्यातली, बौद्ध वस्तीतली होती हे बोलण्यातून कळलं होतं, आणि आमच्या घरी त्या वस्तीतल्या माणसाला पाणीसुद्धा वरून ओंजळीत ओतत. तिखट झोंबलं तेव्हा तिने पदराचा बोळा तोंडात धरला. मामाजी म्हणाले, "घरचा कुत्रा हाय, पिसाळलेला नाही. काही होत नाही." मी तिचे वास्ते चिखलातून उचलून टोपलीत भरले. ती टोपली डोक्यावर घेऊन, पाय ओढत निघून गेली.

ती पाणी मागायला आली होती हे मला संध्याकाळी घागर भरताना आठवलं. आम्ही तिघं घरात होतो, आणि पाणी तेवढं तिला कोणी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर एक माणूस सायकल धरून उभा होता. लहानखुरा, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. आत येत नव्हता आणि हाकही मारत नव्हता. मामाजी ओसरीवर आले तेव्हा त्याने हात जोडले. तो त्या बाईचा नवरा. भांडायला आला असेल असं समजून मामाजींनी आवाज चढवायची तयारी केली होती, ती वाया गेली.

"मुनीमजी, मी काही बोलाले नाही आलो," तो म्हणाला. "डाक्टरनं सांगतलं, कुत्रा पाहा म्हने. दहा दिवस पाहा. जिता राह्यला, पानी पेला, खाल्लं, तं सुई नाही लागत. बिमार झाला का मेला का हारपला, तं मंग पोटात सुया. चवदा. रोज एक."

"मग पाहा ना," मामाजी म्हणाले. "कोन नाही म्हनते?"

"हौ. रोज येईन मी. कुत्रा तेवढा डोळ्यापुढं राहू द्या जी. आमचे पऱ्हे रोवणीले आले. बायको सुईसाठी इथं येऊन राह्यली तं रोवणा कोन करन?"

एवढंच त्याचं मागणं होतं. ज्यांची धानाची शेती नाही त्यांना सांगते: पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती ठरल्या दिवसांत उपटून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, लावावी लागतात. रोप जून झालं की लावून उपयोग नाही. आणि ते काम मुख्यतः बायांचं, दिवस दिवस वाकून करायचं. त्या घरात तिच्याशिवाय बाईमाणूस नव्हतं. तेव्हा आमचा कुत्रा दहा दिवस धडधाकट राहतो की नाही, आणि तो त्या माणसाला दिसतो की नाही, यावर त्यांचं सगळं वर्ष टांगलेलं होतं.

कुत्रा दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण साखळीला तो माझ्याकडेच मुकाट यायचा. रोज सकाळी तो माणूस यायचा, सायकल कुंपणाला टेकवायचा आणि फाटकाबाहेर उकिडवा बसायचा. मी कुत्र्याला आतल्या बाजूला आणायची. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "बाई, त्याले पानी पाजा नं जरा." पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितो, म्हणून ही परीक्षा. मी जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, वाटीत पाणी ठेवलं. कुत्रा लपलप प्यायला. तो माणूस त्या जिभेकडे असा टक लावून बघत होता की मलाही श्वास रोखून बघावं लागलं. वाटी रिकामी झाली तेव्हा तो म्हणाला, "पेला बा," आणि उठला.

मग रोज तसंच. कुत्र्याला पाणी, "पेला बा," सायकल. एकदा मी विचारलं, घरी कशी आहे. तर म्हणाला, "चांगली हाय जी. तिले बी रोज सकाळी पाजून पाहातो मी. लोटा हाती देतो अन् पाहात राहातो. ते म्हनते, आता तुमचं तोंड पाहूनच पानी नको वाटते." तो हसला. मीही हसले. चार दिवसांत आमच्यात फाटकाआडून बोलण्याइतकी ओळख झाली होती, आणि मला वाटायला लागलं होतं की हे पार पडेल.

पण गल्ली आंधळी नव्हती. समोरच्या किराणावाल्याला सकाळी गिऱ्हाईक नसे, त्यामुळे त्याची खुर्ची आमच्या फाटकाकडे तोंड करून असायची. तो हसत हसत ओरडायचा, "मुनीमजी, आज भी कुत्ते की पेशी है क्या?" नळावर बायका मला विचारू लागल्या. आणि मग एका संध्याकाळी ओसरीवर दोन भाऊ बैलाचा तंटा घेऊन आले. मामाजींनी थोरल्याला सांगितलं की आपलं जनावर आपण बांधून ठेवायचं, मोकळं सोडून लोकांचं नुकसान करायचं नाही. तो थोरला अंग झटकत उठला आणि म्हणाला, "पहले अपना कुत्ता तो बाँध लो, मुनीमजी."

मी दाराआड होते. मामाजींच्या हातातला अडकित्ता थांबला, तसाच उघडा राहिला. त्या माणसाला बाकीच्यांनी गप्प केलं, पण त्या दिवशी ओसरी लवकर उठली. मामाजी जेवले नाहीत.

पहाटे मिलचा ट्रक परसवाड्याच्या बाजूला धान आणायला जाई. मी उठले तर चुलीशी कुत्रा नव्हता. साखळीही नव्हती. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुझ्या मामाजीनं पाठवला. परसवाड्याले, आपल्या भाचेजवायाच्या मळ्यात."

ओसरीवर मामाजी मोठ्याने बोलत होते. गल्लीला ऐकू जावं इतक्या मोठ्याने. "ज्या जनावरानं माणसाले दात लावला ते माह्या घरी राहनार नाही. मग तो किती का लाडका असो." किराणावाला खुर्चीवरून उठून आला आणि त्याने मामाजींचा हात हातात घेतला. "बहुत अच्छा किया, मुनीमजी. न्याय इसको कहते हैं." आणखी दोघेतिघे जमले. कोणी म्हणालं, पोटच्यासारखा वाढवला होता, पण बाहेर काढला, याला छाती लागते. मामाजींच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. त्यांना कुत्र्याचं दुःख झालं होतं आणि आपण न्याय केला असं वाटतही होतं. दोन्ही खरं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त फाटकाबाहेरची सायकल दिसत होती.

तो माणूस नेहमीच्या वेळी आला होता. त्या कौतुकाच्या घोळक्यामागे सायकल धरून उभा होता. कोणाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. वाट मोकळी झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात सवयीने पाण्याची वाटी होती, कुत्रा नव्हता.

"कुठं हाय जी?" त्याने विचारलं.

मामाजी म्हणाले, "हाकलला. परसवाड्याले पाठवून दिला. आता तो कोनाले चावनार नाही."

त्याला कळेना. "पन दहा दिवस नाही झाले जी."

"अरे बाबा, चांगला तं होता! रोज पाहात होतास न् तू? काल पानी पेला का नाही? मंग?"

"काल पेला," तो म्हणाला. "आज पाहाले पाहिजे होता."

मामाजींनी त्याला मळ्याचा पत्ता सांगितला, आणि जणू हे फार सोपं आहे अशा तऱ्हेने म्हणाले, जाऊन पाहून ये. परसवाडा काही शेजारची गल्ली नव्हे, बसने जंगलातून अर्धा दिवस. तो सायकल आमच्याच कुंपणाला लावून बसच्या वाटेने चालता झाला. त्या दिवशी त्याच्या बांधीत रोवण्याला माणसं हवी असतील आणि तो आमचा कुत्रा बघायला परसवाड्याला चालला होता.

तो दिवेलागणीला परतला. मामाजी ओसरीवर होते, पण तंटे घेऊन कोणी आलं नव्हतं. पहिल्यांदाच तो फाटकाच्या आत आला.

"नाही जी तिथं," तो म्हणाला. "टरकवाला भेटला. घाटात गाडी थांबली तवा साखळी तोडून जंगलात पळाला म्हने."

मामाजींनी सुपारीचा डबा उघडला आणि पुन्हा मिटला. मग म्हणाले, "मंग मी आता काय करू? मी तं माह्याकडून न्याय केला."

"न्याय कोनी मांगतला जी?" तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. दमलेल्या माणसाचा आवाज होता तो. "मी तं कुत्रा मांगतला होता."

त्याने कुंपणाची सायकल सोडवली आणि गेला. ओसरीवर मामाजी एकटे बसून राहिले. इतकी वर्षं लोकांना न्याय सांगितलेल्या माणसाला हे वाक्य कोणी ऐकवलं नव्हतं. मी आत गेले आणि भांड्यांची आदळआपट केली, कारण त्या घरात नव्या सुनेला तेवढाच राग काढता येत होता. नवऱ्याशी बोलले. तो भला होता, पण गप्प बसण्यात पटाईत. म्हणाला, बापूंना कोण सांगणार?

बाईच्या सुया सुरू झाल्या. ती बालाघाटला, तिच्या दिराकडे राहायला आली. त्यांच्या मोहल्ल्यातून सरकारी दवाखान्याकडे जायची वाट आमच्या फाटकावरूनच होती, त्याला कोण काय करणार. पहिले काही दिवस ती ताठ चालत गेली. मग हळूहळू तिची कंबर वाकायला लागली. एक हात पोटाशी धरून, कुंपणाचा आधार घेत ती जायची आणि तशीच परत यायची. पोटाला सुयांनी जागोजाग गाठी आल्या होत्या, असं नळावर कळलं. कूस वळता येत नाही म्हणे. तिकडे खेड्यात तिचा नवरा मजूर बाया शोधत फिरत होता आणि सगळ्यांच्याच रोवण्या एकदम लागल्यामुळे त्याला कोणी मिळत नव्हतं.

ती आमच्या घराकडे कधी बघत नसे. शिव्या देत नसे, थुंकत नसे, रडत नसे. तसं केलं असतं तर आम्हाला बरं वाटलं असतं, निदान मामाजींना तिच्यावर चिडता आलं असतं. तिची यायची वेळ झाली की सासूबाई पुढचं दार लोटून घेत. बाहेर लख्ख उजेड आणि आमच्या घराचं दार बंद. गल्लीला काय कळायचं ते कळत होतं. 'न्याय इसको कहते हैं' म्हणणारा किराणावाला आता त्या वेळी मुद्दाम दुकानात आत काहीतरी शोधायला जाई. मामाजी मिलला लवकर निघू लागले. लाजेचा असा वास सुटतो घराला, की जेवताना कोणी कोणाकडे बघत नाही. वरण वाढतानासुद्धा मला त्यांच्या हाताकडे बघवत नव्हतं.

आणि मग एके दिवशी दुपारी कुत्रा परत आला.

मी अंगणात धुणं वाळत घालत होते. फाटकाला काहीतरी घासल्याचा आवाज झाला. बघते तर हा. बरगड्या दिसत होत्या, एक कान फाटलेला, गळ्यात साखळीचा तुकडा. मला बघून सगळं अंग हलवत होता. कुठून कुठून वास घेत, किती जंगल तुडवत तो आला असेल. त्याला काय ठाऊक, तो काय घेऊन आला होता ते. तो जिवंत होता. चावल्याला दहा दिवस कधीच उलटून गेले होते. म्हणजे तो मुळात चांगलाच होता. म्हणजे तो घाट, ती बस, त्या सुया, पोटावरच्या त्या गाठी, जून झालेले पऱ्हे, यातलं काहीच व्हायची गरज नव्हती. तो नुसता आमच्या अंगणात बांधलेला राहिला असता तर.

मी त्याच्या गळ्यात हात टाकून रडले. आनंदाने की कशाने, मला सांगता येणार नाही.

मामाजी संध्याकाळी आले. कुत्र्याने त्यांच्या अंगावर उडी घेतली. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "मागं बांध याले. कोनाले दिसला नाही पाहिजे."

आता मात्र माझं तोंड सुटलं. डोक्यावरचा पदर सावरत का होईना, मी बोलले. "तवा लपवला म्हनून हे झालं, मामाजी. आता आनखी किती लपवता?"

सासूबाईंनी आतून "सूनबाई!" म्हणून हाक मारली. मामाजी जेवले नाहीत, झोपायला गेले.

सकाळी ते मिलला गेले नाहीत. आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ते कुत्र्याची साखळी हातात घेऊन फाटकाशी जाऊन उभे राहिले. आतल्या बाजूला नव्हे, बाहेर, रस्त्यावर. इतके दिवस तो माणूस जिथे बसायचा बरोबर तिथे. किराणावाला खुर्चीतून उठून उभा राहिला. नळाकडे जाणाऱ्या बायका थांबल्या. मामाजी कोणाकडे न बघता उभे होते.

ती वळणावरून आली. कुंपण धरत, वाकत. कुत्र्याला बघून थबकली. कुत्रा एकदा गुरगुरला आणि मामाजींनी साखळी अशी ओढली की तो खालीच बसला.

"हा पाहा," मामाजी म्हणाले. "जिता हाय. परत आला. काही झालं नाही त्याले."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "पानी पाजा."

मी आतून जर्मनची वाटी आणली आणि रस्त्यावर ठेवली. कुत्रा प्यायला. सगळी गल्ली त्या जिभेचा आवाज ऐकत होती. वाटी रिकामी होईपर्यंत ती हलली नाही.

एवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात आमचा, आम्ही पितो तो पितळेचा पेला होता, भरलेला. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तो वरून ओतला नाही, तिच्या हातात दिला. थोडं पाणी सांडलं. म्हणाल्या, "घे माय. त्या दिवशी राह्यलं होतं."

तिने पेला घेतला. आधी पाण्याकडे पाहिलं, मग मामाजींकडे. त्यांच्यावरची नजर न काढता ती सगळं पाणी प्यायली, शेवटच्या घोटापर्यंत. आम्ही रोज त्या कुत्र्याकडे बघत होतो तसे तिच्या गळ्याकडे बघत होतो. पेला रिकामा झाला तेव्हा मी श्वास सोडला, आणि आपण काय बघत होतो हे कळून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिलाही ते कळलं असणार.

मामाजी म्हणाले, "आता नको जाऊ दवाखान्यात. कुत्रा चांगला हाय. आता सुईची गरज नाही."

"आजची शेवटचीच हाय जी," ती म्हणाली.

"मंग तं नकोच घेऊ. माहं ऐक. मी सांगून राह्यलो नं."

तिने रिकामा पेला सासूबाईंच्या हातात परत दिला आणि पदर पोटाशी आवळला.

"कुत्रं तं एकडावच चावलं जी," ती मामाजींना म्हणाली.

आणि ती गेली. जिवंत कुत्रा समोर बसलेला असताना, त्याला पाणी पिताना स्वतः पाहिलेलं असताना, ती घराकडे वळली नाही. कुंपणाला हात लावत, हळूहळू, दवाखान्याच्याच वाटेने गेली. आमच्या घराच्या शब्दावर ती एक सुईसुद्धा सोडायला तयार नव्हती.